अठ्ठावन्न ठोक्यांचा धावपटू

गुरुवारी संध्याकाळी सुमेध हर्डीकर झाशीच्या रेल्वे क्वार्टरच्या पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होता, तेवढ्यात आतून उर्वी ओरडली, "पप्पा! आप चौदह किलोमीटर दौड़े?"

"कोण?"

"आप! म्हणजे तुम्ही! ये देखो ना."

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून बारावीतल्या उर्वीने बापाच्या मनगटावर घड्याळ बांधलं होतं आणि फोनमध्ये धावणं शिकवणारं ॲप घातलं होतं. आपली चाल आणि नाडी बघून ते आपल्यापुरता रोजचा कार्यक्रम आखून द्यायचं. सुमेधला आजवर त्याने एवढंच सांगितलं होतं: दोन मिनिटं धावा, तीन मिनिटं चाला, घरी जा. आज मात्र पडद्यावर लिहून आलं होतं, चौदा किलोमीटर, एक तास बारा मिनिटं, सरासरी नाडी अठ्ठावन्न.

सुमेधने तिच्या हातातून फोन घेतला. तो रेल्वेत रुळांच्या देखभालीचा इंजिनिअर. दुपारी चिरगावच्या बाजूला ट्रॉलीवरून रूळ तपासायला गेला होता. ही ट्रॉली चार ट्रॉलीमन मागून पळत ढकलतात. साहेब वर बाकावर बसून रूळ बघतो आणि पूल आला, वळण आलं की उतरून मोजमाप घेतो. पण आज साहेब पोटभर दाल-बाटी जेवला होता, फेब्रुवारीचं ऊन पाठीला गोड लागत होतं, आणि मिटलेले डोळे उघडले ते चौदा किलोमीटर संपल्यावर. परत तो पॅसेंजरने आला. ट्रॉलीच्या हादऱ्यांनी हात हलत राहिला. घड्याळाला वाटलं, गडी धावतोय.

"अगं, ती तर ट्रॉ..." एवढं म्हणून त्याने तोंड मिटलं. ट्रॉली म्हटलं, की ती वाटेत एकदाही का थांबली नाही, हे आलंच. आणि रजिस्टरात तर त्याने 'तपासले, ठीक' असं लिहून झोकात सही ठोकली होती.

"पुसून टाक ते," तो म्हणाला.

"अब कैसे? ऑफिसच्या ग्रुपमध्ये अपने आप जातं. एकतीस लोगों ने देख लिया."

एकतिसांत मोठे साहेब सुभाषचंद्रजीही होते. त्यांनी लिहिलं होतं, 'हर्डीकर, छुपे रुस्तम निकले!'

सुमेधची बायको मयुरा हे ऐकून स्वयंपाकघरातून जी बाहेर आली ती थेट फोनशीच. तासाभरात ग्वाल्हेरची बहीण, नागपूरची नणंद आणि झाशीतलं अख्खं महाराष्ट्र मंडळ यांना बातमी पोचली. "मला काही बोलले नाहीत हो, गुपचूप धावत होते," असं ती प्रत्येकीला सांगत होती, आणि सुमेध प्रत्येक वेळी भिंतीकडे तोंड करून पाणी पीत होता.

शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. "अठ्ठावन! मेरी तो जूते पहनते-पहनते सौ हो जाती है. अगले महीने की हाफ मॅरेथॉन में हमारी टीम में आप पक्के."

"सर, वो दरअसल..."

"शरमाइए मत!"

बाहेर हेडक्लार्क हृषीकेश पटवर्धन फोन डोळ्यांजवळ धरून उभा होता. "हर्डीकरसाहेब, एक विचारू? नकाशात तुम्ही रुळांच्या मधोमध धावताय. ड्यूटीच्या वेळेत. रुळांवरून असं धावणं गुन्हा आहे ना?"

"कडेच्या पायवाटेने गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत," सुमेध म्हणाला, आणि आपण आता खोटंही बोललो हे त्याच्या लक्षात आलं. धावलो म्हणावं तर गुन्हा, नाही धावलो म्हणावं तर त्याहून मोठा गुन्हा.

इकडे ॲपने त्याचा कार्यक्रम पार बदलून टाकला होता. शनिवारी पहाटे त्याने हुकूम सोडला: एक-एक किलोमीटरच्या सहा जोरदार फेऱ्या. सुमेध जेमतेम सहाशे मीटर धावला आणि कॉलनीच्या पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिला. एवढ्या थोर धावपटूचं हे काय झालं, म्हणून ॲपने दुखापतीचा अंदाज बांधला आणि तोही ग्रुपवर टाकून दिला. साहेबांनी ताबडतोब त्याला रेल्वेच्या दवाखान्यात धाडलं.

डॉक्टर अरुंधती वैद्यांनी नाडी मोजली. "एकशे बारा. बसल्या बसल्या! गुरुवारी धावताना अठ्ठावन्न होती म्हणता? गंमत आहे. अठ्ठावन्न तर माणसाची झोपेत असते."

सुमेधला दरदरून घाम फुटला. डॉक्टरीणबाईंनी लगेच ईसीजी काढायला लावला.

हे सगळं त्याने एक वेळ निभावून नेलं असतं. पण रविवारी घरात बसल्या बसल्या त्याचे कान नुसते गाड्यांकडे लागले होते. चिरगाववरून कानपूरकडे जाणारी गाडी निघाली, की तो घड्याळात बघायचा. आता ती न बघितलेल्या पुलावर असेल. आता वळणावर. मयुराने पानात वाढलेली पुरणपोळी निवून गेली.

"अहो, धावपटू असं जेवतात?"

"कानपूर पॅसेंजर गेली का गं?"

"गेली असेल. तुम्हाला कुठे जायचंय?"

सोमवारी कचेरी उघडताच तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "सर, मैं दौड़ा नहीं था. ट्रॉली पे था. और सो गया था."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पूरे चौदह किलोमीटर?"

"जी."

"कहीं उतरे नहीं? पुल पर भी नहीं?"

"जी नहीं. और रजिस्टर में ठीक लिख दिया."

साहेबांनी दाराकडे बोट केलं. "जाइए. अभी. पैदल. पटरी की एक-एक चाबी देखिए. और लौट के जवाब लिखित में दीजिए."

"जी सर." सुमेध दारापर्यंत गेला.

"रुकिए. तो फिर दौड़ा कौन?"

या प्रश्नाचा चार दिवसांत कुणीच विचार केला नव्हता. सुमेधनेही नाही. कामताप्रसाद ट्रॉलीमनला बोलावणं गेलं. शेहेचाळीस वर्षांचा काटकुळा माणूस, टोपी हातात चुरगाळत आत आला.

"हम चारई ढकेलत हैं साब. बाकी तीन बीच-बीच में चढ़ जात. हम नईं चढ़त, बैठे सें हमाओ जी मिचलात, उल्टी आउत."

"मतलब पूरे चौदह तुम दौड़े? एक घंटा बारह मिनट में?"

"और का. लौटतन में भी, खाली ट्रॉली लैकें."

"साहब को जगाया क्यों नहीं?"

कामता ओशाळून सुमेधकडे बघत म्हणाला, "इत्ती नोंनी, मीठी नींद लगी ती, साब."

सुमेधने त्या दिवशी चौदा किलोमीटर पायी तुडवले. रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्यांपैकी पाच ढिल्या निघाल्या, त्या समोर उभं राहून ठोकून घेतल्या. संध्याकाळी पायांना फोड आले होते, पण गाडीचा भोंगा ऐकून त्याने घड्याळात बघितलं नाही. लेखी समज मिळाली, ती मयुराने वाचली आणि दोन दिवस मंडळातल्या कुणाचा फोन उचलला नाही.

टीममध्ये कामताचं नाव गेलं. उर्वीने घड्याळ त्याच्या मनगटावर बांधलं. ॲपला पहिल्यांदाच खरा माणूस मिळाला आणि त्याने कामताला आठवड्यात दोन दिवस पूर्ण विश्रांती सांगितली. साहेबांनी तसा रीतसर कागदच काढला: विश्रांतीच्या दिवशी कामताप्रसाद यांना पळवू नये. बदली माणूस मात्र मंजूर झाला नाही.

त्यामुळे पुढच्या गुरुवारी, कामताच्या विश्रांतीच्या दिवशी, ट्रॉली निघाली तेव्हा बाकावर लाल झेंडी घेऊन, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून, कामताप्रसाद बसला होता. खाली तिघे ट्रॉलीमन ढकलत होते आणि चौथा, सदऱ्याच्या बाह्या वर सारून, सुमेध हर्डीकर. दर पुलापाशी तो थांबायचा, मोजमाप घ्यायचा, आणि पुन्हा खांदा लावायचा.

"साब, मों सें नईं," कामता वरून काळजीने म्हणाला, "नाक सें सांस लो. और पांव हल्के धरो."

सुमेधने तोंड मिटलं आणि पाऊल हलकं टाकायला घेतलं.