दोन किलोंचा ठराव

कागल तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव आकाराम पोवार यांचे वजन मागील नऊ आठवड्यांपासून एकशे एक किलोवर थांबलेले होते. संस्थेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर सात गावं ‘ही आमचीच’ म्हणून भांडायला येतील.

आधी वजन एकशे अठ्ठेचाळीस होतं. मग कोल्हापुरात ऑपरेशन करून जठर कापलं, केळ्याएवढं ठेवलं. सात महिन्यांत सत्तेचाळीस किलो उतरले आणि एके दिवशी आकडा थांबला तो थांबलाच.

“होतं असं,” डॉक्टर अवंतिका म्हणाल्या. “शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय, म्हणून ते खर्च आवरतं. काही आठवडे अडून बसतं, मग परत उतरायला लागतं. डाळ, अंडी, कडधान्यं खा. रोज पाऊण तास चाला. आणि धीर धरा.”

“चालायला गुडघं कुठायत, बाई? दोन्ही गेल्यात.”

“मग त्यांचं ऑपरेशन करून घ्या.”

गुडघ्यांचे डॉक्टर त्याच इमारतीत, एक मजला वर. ते म्हणाले, “शंभराच्या आत या, लगेच करू. वजन उतरवायला काय करायचं माहीत आहे ना? चालायचं.”

आकाराम लिफ्टने खाली आले.

माणसाची इच्छा फार मोठी नव्हती. दोन वर्षं त्यांनी स्वतःचा मळा फक्त मोबाइलवर बघितला होता. एकदा बांधावरून चालत जावं, एवढंच मागणं.

पण गावात कुणाचं दुखणं एकट्याचं राहत नाही. चेअरमन विजयसिंह यांनी फ्लेक्स छापून आणला. फोटो वीस वर्षांपूर्वीचा, डोक्यावर गुलाबी फेटा, खाली मजकूर : ‘शंभराच्या आत आल्याबद्दल सचिवसाहेबांचा जाहीर सत्कार’.

“साहेब, मी एकशे एक हाय की अजून.”

“रविवारची पावण्यांची तारीख मिळाल्या. फ्लेक्स चौकात लागलाय. आता फ्लेक्स बदलायचा न्हाय. तू बदल.”

संचालक मंडळाची तातडीची सभा झाली. ठराव क्रमांक सात : सचिवांनी रविवारपूर्वी दोन किलो कमी व्हावे. सर्वानुमते मंजूर. मंगळवारी वजन एकशे एक. ठरावाचा अवमान झाला म्हणून कारणे दाखवा नोटीस निघाली. संस्थेचा पत्रव्यवहार सचिवच बघतात, त्यामुळे आकारामांनी नोटीस स्वतः लिहिली, जावक क्रमांक टाकला, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन आवक क्रमांक टाकला आणि पोच दिली. खुलासाही त्यांनीच लिहिला. तो असमाधानकारक असल्याचा शेरा मारताना मात्र त्यांना जरा वाईट वाटलं.

मग तीन संचालकांची चौकशी उपसमिती. समिती त्यांच्या घरी गेली. समिती घरी आली म्हटल्यावर तिला कोरड्या चहावर पाठवणं शक्य नाही. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी. आकाराम चार चमचे खाऊन थांबत आणि समिती त्यांच्या ताटाकडं संशयानं बघत तिसऱ्यांदा रस्सा घेई. असं चार दिवस. अहवाल आला : ‘सचिवांचे वजन स्थिर आहे. समितीचे सरासरी दीड किलोने वाढले आहे. कारण समजून येत नाही.’

रविवार उजाडला. मांडव, हलगी, पाहुणे. सकाळी दवाखान्यात जाऊन आलेल्या आकारामांच्या खिशात चिठ्ठी होती : एकशे एक.

विजयसिंहांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि माइक हातात घेतला. “कोल्हापूरचं दवाखानं आपल्याला काय शिकवणार! आपला काटा हाय की. चढ, आकाराम, आपल्या काट्यावर!”

मांडवात टाळ्या पडल्या. आकारामांचा चेहरा मात्र उतरला.

“नको साहेब. तो दुधाचा हाय.”

“मग? तू काय तेलाचा हाईस? चढ म्हणतो न्हवं!”

दुधाचे कॅन मोजायचा तो काटा. बारा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ अख्ख्या गावाचं दूध त्यावर चढत होतं. त्याला एक सवय लावलेली होती, आणि ती कुणी लावली ते दोघांनाच माहीत होतं. दोघंही आत्ता माइकजवळ उभे होते. त्यातला एक विसरला होता.

आकाराम चढले. लाल आकडे थरथरले आणि थांबले : नव्व्याण्णव.

हलगी कडाडली. गुलाल उडाला. पाहुण्यांनी फेटा बांधला. गुडघ्याच्या डॉक्टरांना द्यायला संस्थेच्या लेटरहेडवर वजनाचा दाखला तयार झाला. आकारामांच्या डोळ्यांसमोर मळ्याचा बांध आला. तेवढ्यात पुढच्या रांगेतून धोंडुबाई उठली. दोन म्हशी, पासष्ट वय, आवाज हलगीच्या वरचा.

“आकाराम, सकाळी दवाखान्यात किती भरलास रं?”

खोटं बोलायला वेळच मिळाला नाही. “एकशे एक, आक्का.”

“आन हितं नव्व्याण्णव. मधलं दोन किलो कुठं सांडलंस?”

हलगीवाल्यानं काडी काखेत धरली.

“मग उद्यापासनं माझं दूध बी दवाखान्यातच मोजून आणत्ये,” धोंडुबाई म्हणाली.

आता खरं तर दगड पडायला पाहिजे होते. विजयसिंहांनी स्टेजच्या मागचा रस्ताही बघून ठेवला होता. पण मागच्या रांगेतून एक नव्वद किलोचा पैलवान काट्याकडं आला. “जरा मला बघू द्या,” म्हणाला. चढला. अठ्ठ्याऐंशी पूर्णांक दोन. त्याचा चेहरा असा फुलला की त्याच्यामागं त्याची वहिनी चढली, वहिनीमागं शाळेचे हेडमास्तर, मग चौकशी उपसमिती सहकुटुंब. ऑपरेशन नाही, पथ्य नाही, सगळं गाव एका दुपारी शंभराला दोन किलोनं हलकं झालं.

“आरं, दुधाचं बघा की!” धोंडुबाई ओरडत होती.

“आक्का, ढकलू नका,” हेडमास्तर म्हणाले. “रांगेनं या.”

गुडघ्याच्या डॉक्टरांनी दाखला वाचला, आकारामांना स्वतःच्या काट्यावर उभं केलं आणि परत पाठवलं. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. पायऱ्या उतरताना आकारामांनी ठरवलं, बास. त्यांनी स्वतः काटा दुरुस्त करणारा माणूस बोलावला. गावानं त्याला वेशीवरूनच परतवलं. “काट्याला हात लावलास तर बघ! माझी सून आत्ता कुठं साठच्या आत आल्या!”

आता आकाराम काट्याशेजारी खुर्ची टाकून बसतात, एकशे एक किलो. शरीर अजून दुष्काळ धरून आहे. धोंडुबाई मात्र रोज किटली घेऊन पलीकडच्या गावाला दूध घालायला जाते. आकारामांच्या मळ्याच्या बांधावरून, चालत.

संस्था सोडण्याआधी तिनं काट्याबद्दल एक तक्रार अर्ज संस्थेच्या भिंतीला चिकटवला. दोरीला पेनही बांधलंय. तुम्हाला या गावाचा राग आला असेल, तर जरूर या. सकाळी सात ते नऊ संस्था उघडी असते. फक्त भिंतीपर्यंत जायला काट्यावर पाय द्यावा लागतो. आजवर पंधरा शहाणी माणसं सही करायला आली. आकडा बघून हसली आणि पेनला न शिवता घरी गेली.

तुमचं किती आहे सध्या?