वीजखाऊ क्रमांक सात

घरातली फुकट जाणारी वीज पकडण्यात अख्ख्या नॉर्वेत माझा हात कुणी धरणार नाही! बंद टीव्हीचा तो लाल दिवा, फोन नसतानाही भिंतीला लोंबणारे चार्जर, दिवसभर वेळ दाखवत बसणारं कॉफीचं मशीन. काम शून्य, चरणं चालूच! मी दिसेल तो प्लग उपटतो आणि त्यावर चिठ्ठी चिकटवतो, म्हणजे पुढच्याला अद्दल घडते. माझी बायको इंगुन याला आजार म्हणते.

गेल्या ऑक्टोबरात सासऱ्यांचं डोंगरातलं लाकडी घर हिवाळ्यासाठी बंद केलं, तेव्हाही मी मोहीम काढली. एकूण सात वीजखाऊ सापडले! सातवी कपाटात लपली होती, एक पांढरी डबी, हिरवा दिवा मिचकावत. "इथे सहा महिने काळं कुत्रं फिरकणार नाही, डोळे कुणाला मारतेस गं?" असं म्हणून तिलाही उपटलं.

सासरे हाल्वोर, वय एकोणऐंशी. ते घर कुणाच्या नावावर करायचं, हे या ईस्टरच्या सुट्टीत ते ठरवणार होते. इंगुनच्या, की माझ्या मेव्हण्याच्या? मेव्हण्याला मिळालं की तो दुसऱ्या दिवशी विकणार, हे जगजाहीर. इंगुन त्याच घरात चालायला शिकलेली.

"ट्रुल्स," ती मला म्हणाली, "चार दिवस शहाण्यासारखा वाग. बाकी काही नको!"

आता डोंगरातल्या गार घरात आमच्याकडे कुणी तसंच शिरत नाही. आदल्या दिवशी फोनवरून घराला निरोप धाडायचा, 'तापव', की तिकडे हीटर सुरू होतात. मी बुधवारी निरोप धाडला.

"उत्तर आलं का रे?" सासऱ्यांनी विचारलं.

"आलं की!" मी ठोकून दिलं. आलं नव्हतं. पण डोंगरात रेंजची बोंबच असते, त्यात काय!

सासरे सामान भरत होते.

"बाबा, ही लोकरीची लांब चड्डी कशाला? बावीस डिग्री असेल तिथे!"

"नक्की?"

"अहो, बनियनवर बसाल!"

त्यांनी ती चड्डी आणि जाड झोपपिशवी, दोन्ही परत कपाटात ठेवल्या.

गाडी खाली लावून पाऊण तास स्कीवरून आम्ही वर पोचलो. सासरे आत गेले, कोट काढला आणि लगेच परत घातला. भिंतीवरचा पारा उणे नऊ!

"वीज गेलेली दिसते!" मी म्हणालो.

सासऱ्यांनी बटण दाबलं. लख्ख उजेड पडला.

"मग त्या हीटर बसवणाऱ्यांचा घोळ! या लोकांना ना, एक काम धड..."

सासरे सरळ कपाटाशी गेले. परतले तेव्हा हातात पांढरी डबी होती. चष्मा लावून त्यांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली, "वीजखाऊ क्रमांक सात. बंदोबस्त केला! ट्रुल्स."

इंगुनने डोळे मिटून घेतले.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "या घरात फोनचा निरोप घेऊन हीटर लावणारी ही एवढी एकच डबी होती. मग तुला उत्तर कुणी दिलं? उंदरांनी?"

मी चुलीत लाकडं कोंबायला घेतली. पण ओंडक्यांच्या भिंती, त्या एका चुलीला थोड्याच दाद देतात! सुट्टीसाठी आणलेली संत्री गोठून दगड झाली होती. स्कीसाठी घातलेली माझी लोकरीची चड्डी सासऱ्यांना गेली आणि माझी झोपपिशवीही. मी सगळी सुट्टी उन्हाळी पँटीत चुलीला चिकटून काढली. डबी परत लावल्यावर घरातले चारही हीटर दोन दिवस फुल्ल धडधडत होते. डबीने अख्ख्या हिवाळ्यात खाल्ली नसती एवढी वीज त्यांनी पहिल्या संध्याकाळीच रिचवली.

सोमवारी सासऱ्यांनी इंगुनला जवळ बोलावलं.

"पोरी, घर तुझं. तुझ्या एकटीचं. याच्या नावावर एक बटणसुद्धा नाही."

इंगुन रडत त्यांच्या गळ्यात पडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू! मी हात पुढे केला. सासऱ्यांनी तो घेतला नाही. खिशातून माझ्याच चिठ्ठ्यांचं पाकीट काढलं, चष्मा लावला, सावकाश काहीतरी लिहिलं आणि माझ्या जाकिटाच्या छातीवर थापलं.

"वीजखाऊ क्रमांक आठ. भिंतीतल्या प्लगांपासून लांब ठेवावा."

ती चिठ्ठी अजून निघत नाही हो. पक्क्या गोंदाच्या चिठ्ठ्या मीच निवडून आणल्या होत्या.