इंदूर, अकोला आणि मधे कोणी नाही

आमचे शेजारी निकाळजेकाका नमस्कार करत नाहीत. "हलू नका" म्हणतात आणि खाली वाकून भिंगातून तुमचा गुडघा बघतात. मला बघायला आलेल्या पाहुण्यांचेही बघितले. पाहुण्यांना वाटलं, गुडघेदुखीचे वैद्य असतील. एकीनं पथ्यही विचारून घेतलं.

कारण शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरचं गवत. त्यात एक पतंग राहतो. नखाएवढा, वाळल्या काडीच्या रंगाचा, पंखावर पांढरी रेघ, तोंड चोचीसारखं पुढे. काडीवर बसला की काडीच. गवतातून येणाऱ्याच्या पँटला कधी चिकटून येतो. काका महूला लष्करी कुरणावर कारकून होते. जन्मभर चारा मोजला. त्यातलं पाखरू दिसलं रिटायर झाल्यावर.

आमच्या खानदानातली पहिली ग्रॅज्युएट मी, तीही बीएस्सी, म्हणून त्यांची वही तपासायचा मान माझा. वहीत पतंगाचा मुलूख दोनच गावांचा: आमचं इंदूर आणि अकोला. मी विचारलं, मधलं खंडवा, बऱ्हाणपूर यानं उडी मारून पार केलं का?

"तिथंही असणारच, बेटा. पण बघणारा कोण आहे तिथं?"

अकोल्यात बघणारा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. आईच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून दोघांचं बोलणं सात वर्षं बंद. फक्त मोसमात रोज संध्याकाळी मोबाइलवर आकडा जातो, आकडा येतो. आज तीन. आज पाच. बाकी अक्षर नाही.

यंदा स्वच्छतेची पाहणी जवळ आली आणि कॉलनीच्या अध्यक्षांनी गवत कापायचं काढलं. काकांनी पंधरा दिवस मागितले. अध्यक्ष म्हणाले, "भिया, शहर देखें कि कीड़ा?" मी माझी बीएस्सी मधे घातली, तेव्हा भिंतीकडची हातभर पट्टी सुटली.

कापणीला काका मशीनच्या पुढे छत्रीनं गवत हलवत चालले, पाखरं पट्टीकडे हाकत. पाखरं सगळीकडे गेली, तिकडे सोडून.

संध्याकाळी आम्ही दोघांनी पट्टीतली काडीन् काडी बघितली. काही नाही. मी म्हटलं, एक लिहून टाका, अकोल्याला काय कळतंय?

"दादाला खोटं नाही सांगत."

भर मोसमात त्यांनी पहिल्यांदा शून्य पाठवलं. उत्तर लगेच आलं. चष्मा घरी राहिला होता, भिंगातून एका वेळी एकच अक्षर दिसे, म्हणून फोन माझ्या हातात दिला. मी वाचलं: "शून्य कसं? तू बरा आहेस ना?"

काका भिंतीला टेकले.

"परत वाच," म्हणाले.