नगराध्यक्ष आणि निळं पातेलं

आमच्या घरी मासा आला तो माझ्या उजव्या खांद्यामुळे.

तसा मी मूळचा आळशी नाही. (हे वाक्य बायकोने वाचलं तर ती पुढचं वाचणार नाही, म्हणून सुरुवातीलाच टाकून ठेवतो.) पण अंगणातला हौद दर शनिवारी घासायचा म्हणजे काय, हे ज्याने घासलाय त्यालाच ठाऊक. ब्लीच आणि धुण्याच्या पावडरीची लापशी करायची, ती हौदाच्या भिंतींना आतून फासायची, पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग ब्रशने खरवडत बसायचं. का, तर डासाची मादी अंडी पाण्याच्या काठाशी भिंतीला चिकटवते आणि ती नुसत्या पाण्याने निघत नाहीत. ही माहिती माझ्या बायकोला, नोएमीला, तोंडपाठ आहे. घासण्याचं काम माझ्याकडे आहे. आमच्याकडे नळाला तीन दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे उसुलुतान शहराच्या खाली, खाडीकाठच्या आमच्या वस्तीत हौद नाही असं घर सापडणार नाही.

नोएमी वस्तीच्या आरोग्य समितीची अध्यक्ष. हौस म्हणून झालेली नव्हे. गेल्या वर्षी आमच्या ग्लेंडाला डेंग्यू झाला. आठ वर्षांची पोर सात दिवस दवाखान्यात सलाइन लावून पडली होती आणि त्या सात दिवसांत नोएमी माझ्यावर एकदाही ओरडली नाही. (आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. प्रकरण किती गंभीर होतं ते यावरून ओळखा.) घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "या गल्लीतलं एकही पोर पुन्हा त्या खाटेवर जाणार नाही."

आमची गल्ली अनोळखी माणसाला दार उघडत नाही. दारावरच्या थापेला घाबरायचे दिवस आम्ही पाहिलेत. नोएमीने सहा महिने एकेक दार ठोठावून ती उघडायला लावली. आता आरोग्य केंद्राचा ऑस्मिन दर शुक्रवारी तिच्याबरोबर घरोघरी फिरतो, टॉर्च मारून साठवलेलं पाणी बघतो. अळ्या नसल्या तर दारावर पांढरा झेंडा, असल्या तर लाल. समोरच्या डोन्या फिदेलिनांच्या घरी नवऱ्याच्या फोटोपुढच्या फुलदाणीत अळ्या सापडल्या, तेव्हा नोएमीने त्यांच्याही दारावर स्वतःच्या हाताने लाल झेंडा लावला होता. डोन्या फिदेलिना सत्तरीच्या (आमच्याकडे थोरल्या बायकांना मानाने डोन्या म्हणतात). त्या दिवसापासून त्या नोएमीशी बोलायच्या त्या फक्त हवामानाबद्दल.

अशात ऑस्मिन एकदा म्हणाला, "ज्यांना ब्लीच जमत नाही त्यांनी हौदात मासा सोडला तरी चालेल. खाडीतला हा बोटाएवढा मासा अळ्या खाऊन टाकतो. मात्र मासा सोडला की ब्लीच बंद."

ब्लीच बंद हे दोन शब्द ऐकताच माझा हात आपोआप वर गेला. खांदा दुखत असूनही गेला.

"तू सांभाळशील मासा?" नोएमीने विचारलं. "तुला अंगणातला पोपट सांभाळता आला नाही."

"पोपट उडाला. मासा कुठे उडणार आहे?"

"एकच अट," ऑस्मिन म्हणाला. "याला तोर्तियाचे, मक्याच्या भाकरीचे तुकडे घालायचे नाहीत. आयतं मिळायला लागलं की हा काम सोडून देतो."

मी नगरपालिकेत वीस वर्षं कारकुनी केली आहे, त्यामुळे हे मला लगेच पटलं. ग्लेंडाने माशाचं नाव नगराध्यक्ष ठेवलं, कारण त्याचं पोट मोठं होतं आणि तो सारखा फेऱ्या मारायचा. म्हणजे मला ऑफिसात एक नगराध्यक्ष आणि घरी एक.

पहिला शनिवार मी झोपाळ्यात पडून काढला. दुसऱ्या शनिवारी मात्र मला एक प्रश्न पडला, आणि माझं सगळं वाटोळं प्रश्न पडण्यातून होतं. हा मासा दिवसाला नेमक्या किती अळ्या खातो? मी ऑस्मिनला विचारलं. तो म्हणाला, "खूप." आता खूप हा काही आकडा आहे का? मी स्टूल घेऊन हौदाशी बसलो. तासभर बघितलं. नगराध्यक्षांनी काहीच खाल्लं नाही, कारण हौदात अळीच शिल्लक नव्हती.

मग दुसरा प्रश्न पडला. अळ्या संपल्यावर हा खातो काय?

चार दिवसांत तो मला वाळल्यासारखा वाटायला लागला. तोर्तिया घालायची नाही. नियम म्हणजे नियम. ज्याने आपला शनिवार सोडवला त्याला उपाशी मारायचं, हेही मनाला पटेना. त्याच दिवशी दुपारी डोन्या फिदेलिना दारात आल्या. नवऱ्याच्या वर्षाच्या प्रार्थनेसाठी त्यांनी आमचं मोठं निळं पातेलं नेलं होतं, रविवारी आम्ही ज्यात मटणाचं सूप करतो ते. नोएमी घरी नव्हती. त्यांनी पातेलं माझ्या हातात दिलं, आज उकडतंय म्हणाल्या आणि गेल्या.

मी पातेल्याकडे बघितलं. पातेल्याने माझ्याकडे बघितलं.

केळीच्या झाडांमागे सावलीत मी ते अर्धं भरून ठेवलं. चौथ्या दिवशी त्यात अळ्या वळवळत होत्या.

खरं सांगतो, इतकं मन लावून मी आजवर काही बघितलेलं नाही. अळी पाण्यात डोकं खाली करून लटकते आणि शेपटीच्या टोकाने हवा घेते. सावली पडली की सगळ्या एकदम तळाला जातात आणि थोड्या वेळाने एकेक वर येते. मोठी झाली की ती वाकून स्वल्पविरामासारखी होते आणि खाणं सोडते. मी एक वहीच घातली. सकाळी ऑफिसला जाण्याआधी चमच्याने वीस अळ्या काढायच्या, हौदात सोडायच्या आणि घड्याळ लावायचं. नगराध्यक्षांनी वीस अळ्या सहा मिनिटांत संपवल्या. दुसऱ्या दिवशी चाळीस. अकरा मिनिटं. ते पुन्हा गरगरीत झाले. स्वल्पविराम व्हायच्या आत अळी खायला घालायची हे पथ्य मी कसोशीने पाळत होतो, म्हणून माझी बुद्धी मला सांगायची की यात धोका काहीच नाही. (माझ्या बुद्धीचा पूर्वेतिहास पाहता तेव्हाच घाबरायला हवं होतं.)

एका रविवारी नोएमीने जेवताना विचारलं, "फिदेलिनाने पातेलं परत केलं का रे?"

माझ्या तोंडात राजमा होता. राजमा गिळायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात खरं बोलण्याची संधी निघून गेली आणि मी म्हणालो, "मी नाही बघितलं बुवा."

मग ऑफिसने मला कसल्याशा प्रशिक्षणाला तीन दिवस सान मिगेलला पाठवलं. जाताना मी कपडे घेतले, वही घेतली, खांद्याचं मलम घेतलं. पातेल्याची आठवण झाली ती तिसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये.

शुक्रवारी दुपारी घरी पोचलो तो थेट केळींमागे गेलो. तळाशी लहान अळ्या तेवढ्या होत्या, स्वल्पविराम एकही नव्हता. पाण्यावर नुसती पांढुरकी टरफलं तरंगत होती. चाळीस तरी असतील. पातेल्याच्या काठावर एक डास बसला होता, पायांवर पांढरे पट्टे असलेला, नुकताच तयार झालेला, आणि मी बघत असतानाच तो उडून घराच्या दिशेने गेला.

 इतके दिवस ते माझ्यासाठी आकडे होते. आता मला ग्लेंडाचा सलाइन लावलेला हात दिसत होता. मी पातेलं उलथायला वाकलो, तेवढ्यात अंगणातून हाक आली.

"एवेलियो, इकडे ये."

अंगणात नोएमी, टॉर्च घेतलेला ऑस्मिन आणि डोन्या फिदेलिना उभ्या होत्या. डोन्या फिदेलिनांच्या डोक्यावर काळी ओढणी होती. ती त्या चर्चला जाताना घेतात किंवा भांडायला जाताना.

"तुझ्या बायकोने काल पुपुसा भाजतात त्या टपरीवर दहा बायांदेखत माझ्याकडे पातेलं मागितलं," त्या म्हणाल्या. "मी फुलदाणीवाली आहे, हे ऐकून घेतलं. पातेलंचोर हे ऐकून घेणार नाही. ते मी कुणाच्या हातात दिलं, सांग."

"एवेलियो?" नोएमी म्हणाली.

"म्हणजे... त्या आल्या होत्या खऱ्या," मी म्हणालो. "उकाड्याबद्दल बोलल्या."

"ऑस्मिन," डोन्या फिदेलिना म्हणाल्या, "तुला आज हे घर तपासायचंच आहे. तू अळ्या शोध, मी पातेलं शोधते."

दोघं दोन दिशांनी निघाले. ऑस्मिन हौदाकडून, डोन्या फिदेलिना कोंबड्यांच्या खुराड्याकडून. त्यांची गाठ केळींमागे पडली.

 ऑस्मिनने टॉर्च मारली. सगळ्या लहान अळ्या टपाटप तळाला गेल्या. टरफलं वर राहिली.

"यातले उडालेत," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन-तीन दिवसांत."

मग मी सगळं सांगितलं. मासा, तोर्तिया, चमचा, वही. वही दाखवलीसुद्धा. ऑस्मिन ती चाळायला लागला आणि म्हणाला, "अकरा मिनिटांत चाळीस? हे आमच्याकडेही कुणी मोजलेलं नाही." नोएमीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने वही मिटली.

ती माझ्यावर ओरडली नाही. तेव्हा मी खरा घाबरलो. ती घरात गेली, ग्लेंडाचे हात-पाय उलटेपालटे करून बघितले, तिला लांब बाह्यांचा सदरा घातला आणि परत आली.

"लाल झेंडा बाहेर काढ," ती ऑस्मिनला म्हणाली.

"अगं मुली, राहू दे," डोन्या फिदेलिना एकदम म्हणाल्या. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता. "पातेलं मिळालं ना. कुणाला कळणार आहे? माझाही असाच होता. वाळक्या भोपळ्यात मध गोळा करतो म्हणून वर्षभर मधमाश्या पाळल्या त्याने, न्हाणीघरात."

"तुमच्या फुलदाणीला लावला होता डोन्या, तर याला लावायलाच हवा. नाहीतर उद्या कोण दार उघडेल मला?"

डोन्या फिदेलिनांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हवामानाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

ऑस्मिनने फॉर्म काढला. अळ्या कशात सापडल्या, या प्रश्नाखाली हौद, पिंप, टायर, कुंडी आणि इतर असे रकाने होते. "इतरमध्ये लिहितो," तो म्हणाला. "पातेलं, निळं, एक."

"पातेल्याचा काय दोष?" नोएमीने त्याच्या हातातून पेन घेतलं आणि इतरपुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं: नवरा, एक नग.

त्याखाली उपाययोजना होती. झाकून ठेवणे. पालथं घालणे. फेकून देणे. दर आठवड्याला घासणे. नोएमीचं पेन फेकून देणेवर बराच वेळ थांबलं.  शेवटी तिने घासणेवर खूण केली आणि मला हायसं वाटलं. घासायचं काय आणि कोणी, हे संध्याकाळी समजलं. नगराध्यक्षांची बदली डोन्या फिदेलिनांच्या हौदात झाली (त्या त्यांना गुपचूप तोर्तिया घालतात, हे मी बघितलंय, पण आता कुठल्या तोंडाने बोलू), आणि माझ्या हातात ब्लीचची बादली आली. आमचा हौद झाला की गल्लीतल्या ज्या म्हाताऱ्यांना घासवत नाही त्यांचे चार.

पुढचे दोन आठवडे मी रोज सकाळी ग्लेंडाच्या कपाळाला हात लावून बघत होतो. ताप आला नाही. गल्लीतही कुणाला आला नाही. पंधराव्या दिवशी मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली आणि बाहेर येऊन रडलो, हेही सांगून टाकतो.

राहिला लाल झेंडा. तो नोएमीने घराला लावलाच नाही; दारावरचा पांढरा तेवढा उतरवला. तिचं म्हणणं, डासाचं मूळ जिथे आहे तिथे झेंडा हवा. तो तिने माझ्या सायकलीला बांधला. लागोपाठ तीन आठवडे अळ्या सापडल्या नाहीत की लाल काढून पांढरा लावायचा असा नियम आहे, म्हणून मी दिवस मोजत होतो. तिसऱ्या शुक्रवारी ऑस्मिन आला. हौद बघितला, पिंप बघितलं, कुंड्या बघितल्या. सगळं स्वच्छ. मग फॉर्म बघून म्हणाला, "आता इतर दाखवा."

मी ब्रश खाली ठेवून सरळ उभा राहिलो. त्याने टॉर्च मारून मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"मला तरी ठीक वाटतोय," तो नोएमीला म्हणाला.

तेवढ्यात मला एक प्रश्न पडला. "ऑस्मिन," मी विचारलं, "खाडीतला बेडूक दिवसाला किती डास खात असेल रे?"

घराच्या दारावर पांढरा झेंडा लागला. सायकलीवर अजून लालच आहे.