प्रतिवादी क्रमांक दोन

आमच्या शेजारच्या शांतवनभाऊंकडे कुणी नवीन माणूस गेला, की भाऊ पाणी विचारायच्या आधी त्याचं पूर्ण नाव विचारतात. वडिलांच्या नावासकट, पत्त्यासकट. उद्या नोटीस धाडायची वेळ आलीच, तर शोधाशोध नको!

नागापूर एमआयडीसीतल्या कारखान्यातून रिटायर झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि भाऊंना हा नाद लागला. दूध पातळ आलं, "कोर्टात बोलू." वरातीच्या बँडनं झोपमोड झाली, "कोर्टात बोलू." एकदा गल्लीतला कोंबडा सकाळी आरवला नाही, तर आम्ही म्हटलं, त्यालाही नोटीस गेली वाटतं.

मग माझी पाळी आली. माझ्या शेवग्याची फांदी त्यांच्या अंगणात जाते, पाला पडतो, त्यावरून भाऊ घसरता घसरता वाचले, म्हणून दावा. मी प्रतिवादी क्रमांक एक. आणि दोन कोण? त्यांचा स्वतःचा मुलगा, पुण्यातला प्रकाश! झाड माझं, पाला माझा, मग पोराला कशाला ओढलं, मला काही उमगेना.

"घरावर त्याचंबी नाव हाय, वहिनी."

"अहो, गवळ्याच्या दाव्यातसुद्धा तोच दोन नंबर! दूध काय घरावर सांडलं होतं?"

"कोर्टात बोलू."

तडजोड होते का बघायला कोर्टातल्या जजसाहेबांनी सगळ्यांना समक्ष बोलावलं. आम्ही वादी-प्रतिवादी एकाच रिक्षानं निघालो. भाऊंच्या मांडीवर स्टीलचा डबा. मी नुसता सरळ धरायला हात लावला, तर म्हणाले, "पुराव्याला हात लावू नका!"

मी मनाशी ठरवलंच होतं. फांदी तोडते म्हणून सांगायचं, आणि ही कटकट मिटवायची.

कोर्टाच्या आवारात प्रकाश आधीच येऊन बसलेला. भाऊंनी पुरावा उघडला. शेवग्याच्या शेंगांची आमटी! माझ्याच झाडाची, अंगणात पडलेल्या शेंगा वेचून केलेली. पोरगा शेंगा चोखत होता अन् भाऊ त्याच्या तोंडाकडे बघत होते. "मीठ बराबर हाय ना? तुझी आई जिरं जास्त घालायची."

भाऊ पाणी आणायला उठले, तशी मी प्रकाशला हळूच विचारलं, "तू वकील का लावत नाहीस रे?"

"बापाच्या विरोधात वकील उभा करू, मावशी? अन् एरवी सुट्टी मिळते कुठं? कोर्टाचा कागद दाखवला, की आमचा साहेब गुमान सही करतो."

भाऊ पाण्याची बाटली घेऊन आले. त्यांनी आधी झाकण उघडलं आणि मग पोराच्या हातात दिली.

आत साहेबांनी विचारलं, "काय आजी, फांदी तोडायला तयार आहात ना?"

भाऊ जमिनीकडे बघत होते. चेहरा असा, की जणू फाशीच सुनावणार आहेत.

"नाही साहेब," मी म्हटलं. "एक पानसुद्धा तोडणार नाही. हे गृहस्थ धडधडीत खोटं बोलतात."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि पुढची तारीख दिली.

परतीच्या रिक्षात भाऊ माझ्या शेजारी बसले. रिकामा डबा छातीशी. मग म्हणाले, "लई आडमुठ्या हायसा तुमी, वहिनी."

"पडलेल्या शेंगा निबर असतात, भाऊ. पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी आकडीची काठी घेऊन या. कोवळ्या काढून देते."

भाऊंनी रुमालानं चष्मा पुसला. नंतर डबाही पुसला.

"काय म्हणता?" मी विचारलं.

"कोर्टात बोलू," भाऊ म्हणाले.