रुसलेली अस्वलं

“लिही,” आमचे हे म्हणाले. “‘ज्याचं नुसतं नाव काढलं तरी भल्याभल्या गुन्हेगारांची बोबडी वळते, ज्याच्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नाही, असा हा एकमेवाद्वितीय गुप्तहेर...’ लिहिलंस?”

“लिहिलं. पुढे?”

“पुढे माझा दुसरा मोजा कुठे आहे?”

सुईचं राहू द्या, मोजा ह्यांच्याच बुडाखाली होता. मी तो ओढून काढला आणि हातात दिला. लग्न झाल्यापासून मी ह्यांची बायको आहे आणि ह्यांनी विम्याची नोकरी सोडल्यापासून सहायक. आमच्या दारावर ‘खात्रीशीर छडा लावून मिळेल’ अशी पाटी आहे. त्यातली खात्री ह्यांची असते, छडा बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी लावतो.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाच्या खेळण्यांच्या वर्कशॉपच्या मालकीणबाई आल्या. त्यांनी टेबलावर एक कापडी अस्वल ठेवलं आणि तीनदा शिंकल्या.

“बघा याच्याकडे,” त्या म्हणाल्या.

मी बघितलं. अस्वल माझ्याकडे बघत होतं. त्याच्या ओठांची दोन्ही टोकं खाली वळली होती, आणि रांगेत कुणीतरी पुढे घुसल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. मला उगाचच माझं काहीतरी चुकलंय असं वाटायला लागलं.

“सगळी अशीच निघताहेत,” मालकीणबाई म्हणाल्या. “दुकानदारानं सगळा माल परत पाठवला. पोरं घाबरून रडतात म्हणे. शनिवारपर्यंत हसरी अस्वलं दिली नाहीत तर तो दुसरीकडून घेणार. तोंडवाल्या मावशींना काढून टाका, असंही म्हणाला. आता मी काय करू? माझ्या आईच्या वेळेपासून आहेत हो त्या. पण माल गेला नाही तर बाकीच्यांनाही घरी बसावं लागेल.”

वर्कशॉपमध्ये सगळं काम हातानं चालतं. कानवाला कान लावतो, डोळेवाली ताई डोळे बसवते, भरणीवाले काका पोटात कापूस भरतात आणि सगळ्यात शेवटी एक मावशी दोऱ्यानं तोंड काढतात. म्हणून त्या तोंडवाल्या मावशी. बोलण्यातही त्या नावाला जागतात.

“आणखी काही संशयास्पद?” ह्यांनी भिंग पुसत विचारलं.

“सगळे एकमेकांच्या अंगावर धावून जातात. एकाची सर्दी गेली की दुसऱ्याला होते. रोज कुणीतरी रजेवर. मलासुद्धा सकाळी उठल्या उठल्या कुणाला तरी ओरडावंसं वाटतं, आणि घरी तर मी एकटीच असते.”

हे ताडकन उठले. “घातपात! बाई, तुम्ही योग्य जागी आलात. तुमच्या दह्याचं प्रकरण आठवतं ना?”

न आठवून सांगते कुणाला! पूर्वी वर्कशॉपमध्ये दुपारी सगळे एका लांब टेबलाभोवती बसायचे. घरून आणलेलं मध्ये ठेवायचं आणि वाटून खायचं. एकदा मालकीणबाईंचं दही गायब झालं. ह्यांनी सगळ्यांच्या बोटांचे ठसे घेतले, चमच्यांची उलटतपासणी केली, पण चोर काही सापडला नाही. शेवटी ह्यांनी नियमच घालून दिला. घरचा डबा बंद. ज्यानं त्यानं कारखान्यातून आलेला सीलबंद पुडा आणायचा, आपापल्या जागेवर बसायचं आणि स्वतःच्या हातानं फोडून खायचा.

“त्यानंतर एक तरी डबा चोरीला गेला?” ह्यांनी छाती पुढे काढून विचारलं.

“नाही बाई,” मालकीणबाई म्हणाल्या आणि पुन्हा शिंकल्या.

आम्ही वर्कशॉपमध्ये पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी चालू होती. जो तो भिंतीकडे तोंड करून आपल्या जागेवर बसला होता. बिस्किटं, चिप्स, वेफर्स, क्रीमचे केक. नुसती कागदांची चुरचुर चालली होती. ते लांब टेबल कोपऱ्यात ढकललेलं होतं आणि त्यावर कापडाचे गठ्ठे रचले होते.

“माझा पुडा कुणी दाबला?” कानवाला ओरडला.

“तुझ्या पुड्याला हात लावायला मला वेड लागलंय?” डोळेवाली ताई त्याच्यावर खेकसली. “आधी तुझं नाक पूस.”

ह्यांनी मला बाजूला घेतलं. “वैरी आत शिरलाय. दोऱ्याला काहीतरी चोळलंय.” त्यांनी दोऱ्याचं अख्खं रीळ नाकाला लावून हुंगलं. दोऱ्याला दोऱ्याचाच वास होता. मग संशय कापसावर गेला. खाज सुटायची पूड मिसळली असणार म्हणून हे भरणीवाल्या काकांच्या पोत्यात खांद्यापर्यंत घुसले. बाहेर आले तेव्हा ह्यांना छातीपर्यंत पांढरीशुभ्र दाढी आली होती. एरवी डोळेवाली ताई हसून हसून आडवी झाली असती. आज कुणाच्या ओठाची कडसुद्धा हलली नाही, आणि तेव्हा मात्र मला खरंच काळजी वाटायला लागली.

“अगं, सापडलं!” हे माझ्या कानात कुजबुजले. दाढीतला कापूस माझ्या नाकात गेला. “त्या बोळाच्या टोकाचं दार बघ. एकेक जण आत जातो, किती वेळ बाहेर येत नाही. आला की चेहरा पडलेला. लगेच दुसरा आत.”

“अहो, ते संडासाचं दार आहे.”

“वरकरणी!” हे म्हणाले आणि वेशांतर म्हणून टोपी उलटी घालून रांगेत उभे राहिले. दाराला कान लावून परत आले तेव्हा डोळे चमकत होते. “आतून सांकेतिक आवाज येताहेत. एक लांब, दोन आखूड. आणि मग दीर्घ निराशा.”

दार उघडून तोंडवाल्या मावशी बाहेर आल्या. ह्यांनी त्यांना तिथेच गाठलं.

“इतका वेळ आत काय करत होता?”

“तुमची आरास मांडत होते!” मावशी कडाडल्या. “बाईमाणसाला विचारायचा प्रश्न आहे का हा? दाढी काढा आधी ती.”

पण एवढं बोलून त्या तिथल्याच स्टुलावर बसल्या. मला म्हणाल्या, “सूनबाई, मी मुद्दाम नाही गं करत. हसरं काढायचं म्हणूनच सुई हातात घेते. पण आतून काही हसायलाच येत नाही. दोरा आपोआप खाली वळतो. उसवते, परत काढते, परत तेच. आणि इथे नाही आले तर मी दिवसभर करू काय?” पदराआड त्यांनी डोळे पुसले. मला इतकं वाईट वाटलं की मी ह्यांच्या दाढीचा एक मोठा तुकडा तोडून त्यांच्या हातात दिला.

शुक्रवारी दुपारी ह्यांनी सगळ्यांना गोळा केलं. सर्दीखोकला आवरेना म्हणून मालकीणबाईंनी डॉक्टरीणबाईंनाही बोलावलं होतं. त्या एका बाजूला एकेकाचा घसा तपासत होत्या. हे मध्यभागी उभे राहिले. हातात पुरावा म्हणून ते रुसलेलं अस्वल.

“गुन्हेगार,” हे खालच्या आवाजात म्हणाले, “याच खोलीत आहे.”

“आ करा,” डॉक्टरीणबाई काकांना म्हणाल्या. “पोट साफ होतं का?”

काका छताकडे बघायला लागले.

“तुमचं?” त्यांनी कानवाल्याला विचारलं. त्याला एकदम जोडे नीट करायचे आठवले. डोळेवाली ताई लालबुंद झाली. मालकीणबाईंनी खिडकी उघडली आणि पुन्हा बंद केली.

“बघा!” हे गरजले. “एका प्रश्नात सगळ्यांचा आवाज बंद! हा कट आहे!”

“कट नाही, बद्धकोष्ठ आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दुपारी जेवता काय तुम्ही सगळे?”

कुणी बिस्किटांचा पुडा वर केला, कुणी चिप्सचा. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून कपाळाला हात लावला.

“रोज हेच? अहो, आपल्या आतड्यात असंख्य बारीक जीव असतात. आपल्याच कामाचे. भाजी, फळं, कडधान्यं, दही असलं काही मिळालं की ते खुशीत असतात. तुम्ही त्यांना उपाशी मारताय. आजारांशी लढणाऱ्या पेशींचा मोठा फौजफाटा आतड्यांपाशीच असतो. पोटाचं आणि डोक्याचंही आपसात सतत बोलणं चालू असतं. खाली कुरबुर सुरू झाली की वर चिडचिड होऊ शकते. सगळंच पोटावर ढकलत नाही मी, हवा बदलली की सर्दी होतेच. पण एका खोलीतले सगळेच असे? आणि जेवतानाही एकमेकांकडे पाठ! हे सुरू कधीपासून झालं?”

“नियम आला तेव्हापासून,” भरणीवाले काका म्हणाले.

“कुणी केला असला नियम?”

एकेक करून सगळ्या माना ह्यांच्याकडे वळल्या. ह्यांनी हातातलं अस्वल आपल्या तोंडासमोर धरलं. मग हळूच खाली घेतलं.

“मी म्हटलंच होतं,” हे म्हणाले, “गुन्हेगार याच खोलीत आहे.”

मला वाटलं, आता छाती पुढे येणार. पण ह्यांनी टोपी काढली आणि मावशींपुढे जाऊन उभे राहिले. “मावशी, तुमच्या हाताचा काही दोष नाही. माझ्या डोक्याचा आहे. मला माफ करा.” इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. खोटं कशाला सांगू, मला माझा नवरा त्या क्षणी फार आवडला.

मावशींनी नाक ओढलं. “आणि ते दही नासलं होतं. मीच टाकून दिलं आणि भांडं घासून ठेवलं.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?” हे जवळजवळ रडले.

“विचारलं कुणी? तुम्ही चमच्यांशी बोलत होता.”

पहिल्यांदा डोळेवाली ताई फिसकन हसली. मग मालकीणबाई. मग हसता हसता त्या एकदम गंभीर झाल्या. “डॉक्टर, उद्यापर्यंत बरे होतील का सगळे?”

“उद्यापर्यंत? जादू नाही ही. हळूहळू पालेभाज्या वाढवा, पाणी प्या, चाला. काही आठवडे लागतील.”

शनिवार तर दुसऱ्याच दिवशी होता. मावशी आपल्या सुया डबीत भरायला लागल्या. मालकीणबाईंनी ती डबी त्यांच्या हातातून काढून घेतली.

“ठेवा ती जागेवर. दुकानदाराला मी बघून घेते. नियम ह्यांनी सांगितला, पण मान मी डोलावली होती. काका, ते टेबल ओढा इकडे.”

ह्यांनीही टेबलाला हात लावला आणि ते स्वतःच्याच पायावर घेतलं.

दुकानदारानं महिनाभर कुरकुर केली आणि निम्मा माल खरंच दुसरीकडून घेतला. वर्कशॉपला तो महिना जड गेला. पण टेबलावर पुन्हा डबे उघडायला लागले. गाजरं, काकड्या, शिजवलेल्या शेंगा, दही. कानवाला डोळेवाली ताईला स्वतःहून पेरूची फोड द्यायला लागला, तो वेगळाच तपासाचा विषय आहे. अस्वलं एका रात्रीत हसली नाहीत. आधी नुसती सरळ तोंडाची निघाली, मग जरा विचारात पडलेली, आणि एके दिवशी मावशींनी स्वतः आमच्याकडे एक पुडकं आणून दिलं.

आत एक अस्वल होतं. डोक्यावर उलटी टोपी, छातीपर्यंत कापसाची पांढरी दाढी, आणि दाढीच्या वर कानापर्यंत गेलेलं असं हसू की बघणाऱ्यालाही हसू यावं. मावशीही तशाच हसत होत्या. त्या गेल्यावर ह्यांनी अस्वल टेबलावर ठेवलं, एका हातानं बिस्किटांचा पुडा जवळ ओढला, दुसऱ्या हातानं भिंग घेतलं आणि बराच वेळ त्या तोंडाचं निरीक्षण केलं.

“अगं,” हे गंभीरपणे म्हणाले, “या हसण्यामागे नक्की काहीतरी आहे.”

“आहे ना,” मी पुडा काढून घेत म्हटलं, “वेळेवर साफ झालेलं पोट. चला, भाजी गार होतेय.”