सोनं पिवळं का असतं

साडेअकरा वाजले तरी कावळा पिंडाला शिवेना. शहाडच्या घाटावरची फरशी चटके देत होती. आनंदरावांच्या दहाव्याला जमलेली घरची माणसं माना वर करून पिंपळाकडे बघत होती. फांदीवर एकच कावळा, पण ढिम्म.

"मनात काहीतरी राहिलंय त्यांच्या," गुरुजी म्हणाले. "शब्द द्या."

आनंदरावांचे धाकटे भाऊ दाजी पुढे झाले. "दादा, वहिनींना आम्ही अंतर देणार नाही!" कावळ्याने पंखात चोच खुपसली.

मग मुलाने, सलिलने, हात जोडले. "बाबा, आजपासून सिगारेट बंद. प्रॉमिस."

"आजपासून?" त्याची बायको आसावरी कडाडली. "मार्चमध्येच सोडली म्हणालेलास ना?"

"अगं, इथे नको ना..."

"इथेच! बाबांसमोर!"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करू या का?"

"नको," मंदाकिनीबाई म्हणाल्या. गवताच्या कावळ्यावर नवऱ्याची बोळवण त्यांना करायची नव्हती. काय राहिलंय, ते त्यांना ठाऊक होतं. बेचाळीस वर्षांपूर्वी डोंबिवलीत सराफाकडे पाटल्या घेताना हा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक विचारता झाला होता, "मंदा, सोनं पिवळं का असतं, माहितीये?" "घरी सांगा," त्या म्हणाल्या. घरी कुकर होता, मग मुलं, मग मालिका. शेवटच्या दिवशी आयसीयूत मास्क सरकवून ते पुटपुटले, "मंदा, सोनं..." आणि बाई म्हणाल्या, "पाटल्या कपाटात आहेत. झोपा आता."

ते झोपलेच.

बाई पिंपळाखाली गेल्या. "ऐका. तुमचा तो लाडका आकडा, एकशे सदतीस. अणूतल्या प्रोटॉनच्या संख्येला त्याने भागायचं. प्रकाशाच्या वेगाच्या तेवढ्या हिश्श्याने आतला इलेक्ट्रॉन पळतो. सोन्यात तो इतका पळतो, की अणू आक्रसतो, निळा उजेड गिळतो, म्हणून सोनं पिवळं दिसतं. बरोबर?"

कावळा हलला नाही. दाजींनी डोळे पुसले. गुरुजी दर्भ शोधू लागले.

बाईंनी पदर खोचला. मग ठणकावून म्हणाल्या, "आणि सोन्यात प्रोटॉन असतात सत्तेचाळीस!"

"आई, सत्तेचाळीस चांदीत," सलिल कुजबुजला. "सोन्यात एकोण..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा झेपावला. पिंडात चोच मारली, मान वाकडी करून बाईंकडे रागाने पाहिलं आणि उडाला.

परतताना रिक्षात आसावरीने हळूच विचारलं, "आई, आकडा खरंच विसरलात?"

"एकोणऐंशी," बाई म्हणाल्या. "शिकवणीच्या पोरांना सांगायचे, तेव्हा भिंतीपलीकडून शंभरदा ऐकलाय. पण बरोबर बोललं, की ते कधी उठून यायचे नाहीत गं."